सरकारी कार्यालयातलं जुनं कपाट संस्थेला का मिळत नाही, आणि कसं मिळू शकतं

पंचायत समितीच्या किंवा नगरपालिकेच्या कुठल्याही जुन्या इमारतीत जिन्याखाली डोकावून बघा. एकावर एक उलट्या रचलेल्या खुर्च्या, दार न लागणारं लोखंडी कपाट, धुळीनं माखलेले मॉनिटर, वायरींचं भेंडोळं. त्याच गावात एखादी संस्था अभ्यासिका चालवत असते आणि तिथली मुलं सतरंजीवर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत असतात. मग कुणीही विचारतं, अहो, हे सगळं त्या पोरांना देऊन का टाकत नाही?

‘बाबू लोकांना काम नको असतं’ हे उत्तर सोयीचं आहे आणि थोडंफार खरंही आहे. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. सरकारी वस्तूला घरातल्या वस्तूसारखा मालक नसतो. ती जनतेच्या पैशातून घेतलेली असते आणि खुर्चीवर बसलेला साहेब तिचा फक्त राखणदार असतो. राखणदाराला दान करण्याचा अधिकार कुठून येणार? तो कायद्यातून किंवा ठरावातून यावा लागतो. तो येण्याची वाट बरीच लांबची आहे, आणि त्या वाटेवर चालता चालता वस्तू भंगार होते. खरी गोम इथे आहे.

आधी खुर्ची उलटी करून बघू. बैठकीच्या खाली पांढऱ्या ऑइलपेंटनं काहीतरी लिहिलेलं दिसेल, ‘पं.स./शिक्षण/२००९/४७’ अशा धर्तीचं. म्हणजे शिक्षण विभागानं २००९ मध्ये घेतलेल्या वस्तूंपैकी ४७ व्या क्रमांकाची. हाच क्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत असतो. कार्यालयात तिला सगळे ‘डेडस्टॉक’ म्हणतात. ग्रामपंचायतीत हीच वही ‘नमुना १६’ म्हणून ओळखली जाते, आणि कागद, शाई, खडू असल्या वापरून संपणाऱ्या मालासाठी ‘नमुना १५’ वेगळा असतो. डेडस्टॉकमध्ये वस्तूचं नाव, खरेदीची तारीख, बिल, किंमत, नग असे रकाने असतात आणि अगदी शेवटी विल्हेवाटीचा रकाना. तो रकाना भरला जात नाही तोवर ती खुर्ची कागदोपत्री ठणठणीत आहे, मग तिला तीनच पाय का असेनात.

म्हणूनच कारकून मंडळी तुटलेला पायही जपून ठेवतात. बदली झाली की चार्ज देताना नग मोजून दाखवावे लागतात. एक नग कमी भरला तर ‘कुठे गेला?’ हा प्रश्न त्याच्या नावावर लागतो आणि कधीकधी वसुलीही. जिन्याखालचा ढीग हा आळसाइतकाच या भीतीचाही आहे.

वस्तू वहीतून कमी करण्याला निर्लेखन म्हणतात. दरवर्षी साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी व्हायची असते. तिच्यात नको असलेल्या वस्तूंची यादी निघते. संगणक, प्रिंटर, झेरॉक्स मशीन असेल तर जाणकाराचा दाखला लागतो, की हे दुरुस्त होण्यासारखं नाही किंवा दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही. मग समिती पाहणी करते, किंमत ठरते, सक्षम अधिकाऱ्याची किंवा सभेची मंजुरी होते, लिलाव लागतो, पैसे तिजोरीत जमा होतात, आणि तेव्हा कुठे तो शेवटचा रकाना भरतो. जिल्हा परिषदांना १९६८ ची लेखा संहिता आहे, ग्रामपंचायतींना २०११ ची. संहिता वेगळ्या असल्या तरी प्रवासाची दिशा सारखीच आहे.

केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू असलेले सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ या बाबतीत वाचायला सोपे आहेत, त्यामुळे या सगळ्यामागचा विचार त्यांच्यातून चटकन कळतो. त्यातला २१७ वा नियम वस्तूंचे तीन प्रकार करतो: जादा, कालबाह्य आणि निकामी. उरलेली किंमत दोन लाख रुपयांपेक्षा जास्त असेल तर जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव करायचा. त्याहून कमी असेल तर पद्धत सक्षम अधिकारी ठरवतो. मात्र माल साचू द्यायचा नाही, असं तिथं स्पष्ट म्हटलेलं आहे. लिलावातही गिऱ्हाईक मिळालं नाही तर भंगाराच्या भावानं. भंगारातही कुणी घेईना, तर मग ‘इतर कोणतीही पद्धत’, ज्यात पर्यावरणाला धक्का न लावता नष्ट करणंही आलं. हे नियम आपल्या महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला थेट बंधनकारक नाहीत, पण देशभरच्या सरकारी डोक्यात जी उतरंड बसली आहे ती हीच आहे. आधी विक्री, मग भंगार आणि शेवटी वाटेल ते. दानाला या उतरंडीत स्वतःची पायरीच नाही.

‘जादा’ आणि ‘निकामी’ यांतला फरक संस्थांनी नीट समजून घ्यायला हवा. जादा वस्तू म्हणजे चांगली चालणारी, पण कार्यालयाला आता नको असलेली. नव्या इमारतीत गेल्यावर मॉड्युलर फर्निचर आलं, जुनी सागवानी टेबलं उरली. दोन विभाग एकत्र झाले, कपाटं दुप्पट झाली. संस्थेला हवं असतं ते हे. पण निर्लेखनाच्या यादीत चढतो तो बहुतेक वेळा निकामी माल, कारण निकामी म्हणून दाखला मिळवणं सोपं आणि ‘चांगली वस्तू का काढली?’ या प्रश्नाला तोंड देणं अवघड. मग चांगलं टेबल जिन्याखाली जातं, दोन पावसाळे ओल खातं, वाळवी लागते, आणि निकामी झालं की सुखानं यादीत येतं. मागणीचं पत्र लिलावाच्या नोटिशीनंतर पोहोचलं, तर वाट्याला येतो तो हा माल.

आता लेखापरीक्षकाची बाजू घेऊ, कारण तिची कुणी घेत नाही. स्थानिक संस्थांचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. त्यामागचा कायदा १९३० चा आहे. नियमबाह्य कारभारामुळे निधीचं नुकसान झालं तर ते जबाबदार माणसाकडून वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. समजा, पालिकेनं वीस टेबलं एका संस्थेला फुकट दिली. परीक्षक विचारणार: किंमत कुणी ठरवली? लिलावात किती आले असते? हीच संस्था का, शेजारची का नाही? संस्थेच्या अध्यक्षांचं आणि नगरसेवकांचं आडनाव एकच कसं? हे प्रश्न खवचट वाटतील, पण ते विचारणारं कुणी नसतं तर ‘सामाजिक संस्था’ नावाच्या पाट्या रातोरात लागल्या असत्या आणि पालिकेचे एसी भलत्याच बंगल्यांवर दिसले असते. मला तरी हा अडसर बिनकामाचा वाटत नाही. फक्त त्याला दार हवं.

दार कसं करता येतं ते बघायला थोडं लांब, अमेरिकेत जाऊ. तिथंही सरकारी वस्तू खासगी हातात फुकट देण्याला कडक बंधनं आहेत आणि काही ठिकाणी तर ती राज्याच्या घटनेतच आहेत. वॉशिंग्टन राज्याची घटना सांगते की कोणत्याही काउंटीनं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकानं) किंवा शहरानं पैसा वा मालमत्ता कुणा व्यक्तीला, संघटनेला किंवा कंपनीला देऊ नये. अपवाद गरीब आणि दुर्बळांच्या आवश्यक आधाराचा. म्हणजे भीती आपल्यासारखीच. सिअ‍ॅटल ज्या किंग काउंटीत आहे, तिथली परिवहन सेवा आपल्या निवृत्त व्हॅन संस्थांना देते, पण अशाच संस्थांना, ज्या गरीब, वृद्ध, अपंग किंवा लहान मुलांची ने-आण करतात.

नॉर्थ कॅरोलायनानं आणखी सरळ मार्ग काढला. तिथल्या कायद्याप्रमाणे शहराची सभा जादा, कालबाह्य किंवा न वापरलेलं सामान दुसऱ्या सरकारी संस्थेला किंवा ना-नफा संस्थेला देऊ शकते. अट एवढीच की ठराव करण्याच्या किमान पाच दिवस आधी जाहीर सूचना लावायची. पाच दिवसांत ज्याला ओरडायचं त्यानं ओरडावं. टेक्सासनं वेगळी शक्कल लढवली. तिथल्या काउंटीला जादा सामान त्याच काउंटीतल्या सेवाभावी संस्थेला देता येतं, पण आधी ठरवावं लागतं की विकायला काढलं तर बोलीच येणार नाही किंवा विक्रीच्या खर्चाइतकेही पैसे सुटणार नाहीत. शिवाय देण्यातून सार्वजनिक हित साधलं पाहिजे आणि संस्थेनं काउंटीला पुरेसा मोबदलाही दिला पाहिजे. हा मोबदला कसला? तर सामान उचलून नेण्याचा किंवा विल्हेवाटीचा काउंटीचा खर्च संस्थेनं वाचवला, तरी तो मोबदल्यात धरता येतो. संस्थेनं स्वतःचा टेम्पो आणला की कायद्याच्या नजरेत ते फुकट दान राहत नाही. वकिली डोकं असं चांगल्या कामाला लागलं की बरं वाटतं.

न्यू यॉर्क शहरानं १९७८ पासून याचं कोठारच करून टाकलं आहे. शहराच्या सांस्कृतिक विभागाचं ‘मटेरिअल्स फॉर द आर्ट्स’ हे गोदाम क्वीन्समध्ये आहे. कंपन्या, नागरिक आणि शहराचे विभाग नको असलेलं सामान तिथं देतात. सार्वजनिक शाळा आणि नोंदणीकृत कलासंस्था येऊन फुकट निवडून नेतात. याची सुरुवात सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाला औषधं ठेवायला फ्रिज हवा होता त्यातून झाली, असं सांगतात. रेडिओवर आवाहन केलं आणि फ्रिज देणारे पुढे आले. लोकांच्या घरी आणि कचेऱ्यांत किती वापरण्याजोगं पडून असतं, हे त्यातून लक्षात आलं.

आपल्याकडे परत येऊ. महाराष्ट्रात चार वाटा आहेत. त्यातली शेवटची सगळ्यांना माहीत असते आणि पहिल्या तीन सहसा कुणी विचारत नाही.

सगळ्यात सोपी वाट सरकारच्या घरातल्या घरात आहे. जिल्हा परिषदेच्या एका विभागाची टेबलं जिल्हा परिषदेच्याच शाळेत किंवा अंगणवाडीत गेली, तर मालकी बदलत नाही. एका डेडस्टॉकमधून कमी, दुसऱ्यात जमा, मध्ये एक आदेश आणि पोच. तुमची संस्था जिल्हा परिषदेच्या शाळेतच वर्ग घेत असेल, तर सामान स्वतःच्या नावावर मागण्याचा हट्ट धरू नका. शाळेच्या नावावर मागा. मुलांना टेबल कुणाच्या वहीत आहे याच्याशी काय देणंघेणं?

दुसरी वाट वापरायला देण्याची. मालकी पालिकेचीच, पण ठराव आणि करार करून ठरावीक मुदतीसाठी संस्थेला वापर. पालिकेच्याच जागेत चालणारी अभ्यासिका, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक केंद्र यांना ही वाट चांगली जमते. तोटा असा की वर्षातून एकदा पालिकेचा माणूस नग मोजायला येणार, आणि मोडलेली खुर्ची तुम्हालाही जपून ठेवावी लागणार. ते सोसेल तर करा.

तिसरी वाट महापालिकांची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं ७९ वं कलम मालमत्तेच्या विल्हेवाटीबद्दल आहे. मुंबईचा कायदा स्वतंत्र, १८८८ चा. ७९ व्या कलमात जंगम मालमत्ता विकून, भाड्यानं देऊन ‘किंवा अन्यथा’ काढता येते असं म्हटलं आहे, आणि किंमत वाढेल तशी मंजुरी आयुक्त, स्थायी समिती, महासभा अशी वर चढत जाते. ‘किंवा अन्यथा’ हे दोन शब्द म्हणजे उघडं दार नाही, पण भिंतही नाही. विभागानं टिपणी नीट लिहिली, सामानाची किंमत ठरवून कागदावर ठेवली, संस्था कोणत्या निकषावर निवडली ते सांगितलं आणि योग्य पायरीवर मंजुरी घेतली, तर परीक्षकापुढं ठेवायला उत्तर तयार राहतं. टिपणी अर्थात विभागानं लिहायची असते, पण तिच्यात घालायचा मजकूर संस्थेनं पुरवला तर फाइल हलते.

चौथी वाट लिलावाची. हिच्यात कमीपणा वाटून घेऊ नका. अडचण एवढीच की लिलाव बहुधा एका लॉटचा असतो. खुर्च्या, कपाटं, पंखे, संगणक सगळं एकत्र, ‘जसं आहे तसं, जिथं आहे तिथं’. बयाणा रक्कम आधी भरायची, हातची किंमत (जिच्याखाली बोली घेत नाहीत ती) ठरलेली, वर जीएसटी, आणि बोली लागली की ठरलेल्या मुदतीत सगळा माल उचलायचा. तुम्हाला हवी असतात दहा कपाटं, आणि समोर असतो लोखंडाचा किलोवर भाव लावणारा भंगारवाला, ज्याला ती दहा कपाटं कापायचीच आहेत. इथे दोन गोष्टी करून बघण्यासारख्या आहेत. लिलावाच्या आधी लेखी विनंती करा की फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक सामान यांचे लॉट वेगळे करा. ते नाही जमलं तर लॉट घेणाऱ्याशीच आधी बोलून ठेवा. चालू स्थितीतलं कपाट भंगारापेक्षा थोड्या जास्त भावानं विकलं जात असेल तर तो कशाला नाही म्हणेल? मोठे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा जेम या सरकारी खरेदी-विक्रीच्या पोर्टलवर लागतात, त्यामुळे नोटीसबोर्डावर भरवसा ठेवून बसू नका.

संगणकांचं प्रकरण वेगळं आहे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षा-सोय आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं कागदावर एकदम कालबाह्य झाली. कार्यालयाला ती सुरक्षेच्या कारणानं नकोत हे बरोबरच आहे. पण त्यात उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली टाकली तर टायपिंग, ब्राउझर, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी ती अजून काही वर्षं सहज चालतात. इतका चालू माल एकदम बाहेर पडण्याची संधी संस्थांना सहसा मिळत नाही.

पण देण्याआधी हार्ड डिस्क. ग्रामपंचायतीच्या संगणकात घरपट्टी आहे, दाखल्यांसाठी जोडलेले आधार कार्डांचे फोटो आहेत, कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याची स्कॅन प्रत आहे. नुसतं डिलीट केलं किंवा झटपट फॉरमॅट मारलं की माहिती जात नाही. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं ती परत काढता येते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यावर हा प्रश्न आणखी गंभीर झाला आहे. फिरत्या चकतीची डिस्क असेल तर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर चालवायचं, किंवा सरळ डिस्क काढून घेऊन मगच यंत्र द्यायचं. संस्थेनंच म्हणावं, ‘डिस्क काढून घ्या, आम्ही नवी घालतो.’ या एका वाक्यानं संगणक विभागाची निम्मी हरकत गळून पडते, आणि छोटी एसएसडी (फिरत्या चकतीविना चालणारी वेगवान डिस्क) घातली की तेच जुनं यंत्र चपळ होतं.

दुसरा मुद्दा ई-कचऱ्याचा. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात कोणत्याही वेळी यादीतली एक हजार किंवा अधिक विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरणारा कुणीही त्यात मोठा ग्राहक ठरतो, आणि त्यानं ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनं यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रीसायकलरकडेच द्यायचा असतो. मोठी महापालिका या आकड्यात सहज बसते. म्हणून संगणक ‘निकामी, ई-कचरा’ असा एकदा कागदावर चढला की तो तुमच्या संस्थेला थेट देता येत नाही. तो ‘जादा’ किंवा ‘कालबाह्य पण चालू’ असताना मागावा लागतो. फर्निचरच्या बाबतीत उशीर झाला तर वाळवी लागते, इथे दारच बंद होतं.

मागणीपत्र कसं असावं? ‘आपणाकडील जुने साहित्य मिळावे’ असं मोघम पत्र आवक रजिस्टरमध्ये चढतं आणि तिथंच राहतं. त्याऐवजी लिहा: तुमच्या अमुक विभागातली सहा लोखंडी कपाटं आणि बारा लाकडी खुर्च्या नव्या फर्निचरमुळे वापरात नाहीत, आमच्या अभ्यासिकेत इतकी मुलं बसतात, साहित्य दुरुस्त करण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च आमचा, वापराचे फोटो सहा महिन्यांनी देऊ, विकणार नाही असं हमीपत्र सोबत जोडलं आहे. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयाकडची नोंद, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि संस्थेचा ठराव. पत्र नवी इमारत किंवा नवं फर्निचर येण्याआधी द्या. ही खबर अंदाजपत्रकात आणि सभेच्या विषयपत्रिकेत महिनोन् महिने आधी असते. नसेल मिळत तर माहिती अधिकारात निर्लेखनाच्या प्रस्तावित याद्या मागता येतात. पण सुरुवातच माहिती अधिकारानं करू नका. भांडार विभागातल्या माणसाकडे एक चहा होऊ द्या. कुठल्या खोलीत काय पडलंय हे त्याच्याइतकं साहेबांनाही माहीत नसतं.

आणि मिळतंय म्हणून सगळं घेऊ नका. जाड पाठीचे काचेचे मॉनिटर नकोत. त्यात शिसं असतं आणि ते टाकायला नंतर तुम्हालाच पैसे मोजावे लागतील. ज्याचं टोनर बाजारात मिळत नाही असा प्रिंटर नको. बॅटरी मेलेला यूपीएस घेतलात तर बॅटरीचा खर्च आधी विचारा. मोठं झेरॉक्स मशीन तर देखभालीच्या कराराशिवाय दारात आणू नका, ते कागदापेक्षा मेकॅनिक जास्त खातं.

सामान आलं की यादीवर दोन्हीकडच्या सह्या घ्या आणि जुना डेडस्टॉक क्रमांक तसाच ठेवून शेजारी संस्थेचा नवा क्रमांक रंगवा. पालिकेला ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती देण्याच्या भानगडीत पडू नका. ती सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तूला नाही, आणि पालिकेला तिचा उपयोगही नाही. साधी पोचपावती पुरते, तिच्यावर ठरावाचा किंवा आदेशाचा क्रमांक आणि तारीख मात्र हवी. वापरायला दिलेलं सामान असेल तर ते तुमच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवू नका, वेगळ्या यादीत ठेवा. हिशेबनीसाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वर्षअखेरीला पालिकेची सहा कपाटं तुमच्या नावावर चढलेली असतील आणि पुढचा पालिकेचा पडताळणी अधिकारी ती मोजायला आला की दोन वह्यांत एकच कपाट सापडेल.